एका तासाची बोटफेरी आणि चारशे वर्षांचा इतिहास: ॲमस्टरडॅमचे कालवे का खोदले, कसे वाचले आणि आता का खचतायत?

कंगनाचा 'क्वीन' आठवतोय? लग्न मोडल्यावर एकटीच हनिमूनला निघालेली राणी आधी पॅरिसला जाते आणि मग ॲमस्टरडॅमला. शाहरुखच्या 'जब हॅरी मेट सेजल'मध्येही हेच शहर दिसतं. शांत पाणी, काठावर एकमेकांना चिकटून उभी असलेली उंच अरुंद घरं, कमानीचे पूल आणि पुलाच्या कठड्याला टेकवलेल्या सायकली.

इन्स्टाग्रामवर युरोप ट्रिपचे रील्स बघितले, तरी दर चार रील्समागे एक ॲमस्टरडॅमच्या बोटीतलं असतं. 'कॅनॉल क्रूझ' ही तिथल्या टूरवाल्यांच्या यादीतली पहिली गोष्ट. काचेचं छत असलेल्या लांबट बोटीत बसायचं, कानाला ऑडिओ गाईड लावायचा आणि तास-सव्वा तास शहर पाण्यातून बघायचं. मुंबईहून गेलेले मराठी ग्रुपही पहिल्या दिवशी हेच करतात.

पण या बोटीतून जे दिसतं ते नेमकं काय असतं? हे कालवे कुणी आणि कशासाठी खोदले? घरं पुढे झुकलेली का आहेत? यातल्या पैशाचा आपल्या वेंगुर्ल्याशी काय संबंध? आणि चारशे वर्षं उभ्या असलेल्या या कालव्यांच्या भिंती आता का कोसळायला लागल्यात?

एकेक करून बघू.

आधी धरण, मग शहर

ॲमस्टरडॅम या नावातच शहराचा जन्म आहे. ॲमस्टेल नावाच्या नदीवर बांधलेलं 'डॅम', म्हणजे धरण. आसपास सगळी दलदल. पाणी अडवायचं, चर खोदून जमीन कोरडी करायची आणि मग त्यावर राहायचं, अशी इथल्या वस्तीची सुरुवात झाली. आजही कालव्यांतल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या खुणेपेक्षा साधारण ४० सेंटीमीटर खाली राखली जाते.

सोळाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हे मध्यम आकाराचं बंदर होतं. मग १५८५ मध्ये स्पेनच्या फौजांनी अँटवर्प शहर घेतलं. ते तेव्हा युरोपातलं मोठं व्यापारी केंद्र. तिथले व्यापारी, कारागीर, सोनार, विणकर जीव आणि पैसा घेऊन उत्तरेकडे पळाले. त्यातले कितीतरी ॲमस्टरडॅममध्ये आले. स्पेन आणि पोर्तुगालमधून छळाला कंटाळून निघालेले ज्यू लोकही आले.

१६२२ पर्यंत शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली. जुन्या तटबंदीच्या आत माणसं मावेनात.

एकाला एक गुंडाळलेले तीन कालवे

१६१३ मध्ये शहराने मोठा विस्तार करायला घेतला. जुन्या शहराभोवती 'सिंगेल' नावाचा खंदक होता. त्याच्या बाहेर तीन नवे कालवे आखले गेले. हेरनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सनग्राख्त. 'ग्राख्त' म्हणजे शहरातला कालवा. त्यामुळे नावांचा अर्थ साधारण 'सरदार-सावकारांचा कालवा', 'सम्राटाचा कालवा' आणि 'राजपुत्राचा कालवा' असा होतो.

नकाशावर बघितलं तर कापलेल्या कांद्याच्या पाकळ्या दिसाव्यात तसे हे कालवे एकाबाहेर एक अर्धवर्तुळात दिसतात. काम एका दमात झालं नाही. पश्चिमेकडचा भाग आधी झाला, पूर्वेकडचा १६६० च्या दशकात.

यामागे सौंदर्याचा विचार होता, पण मुख्य हिशोब व्यवहाराचा होता. एकाच खोदकामात तीन कामं होत होती. दलदलीतलं पाणी वाहून जायला वाट मिळत होती. खोदलेली माती बाजूची जमीन उंच करायला वापरता येत होती. आणि बंदरात आलेला माल छोट्या होड्यांतून थेट व्यापाऱ्याच्या दारात उतरवता येत होता. त्या काळात पाण्यावरचा रस्ता हाच मालवाहतुकीचा सगळ्यात स्वस्त रस्ता होता.

कालव्याकाठचे प्लॉट पैसेवाल्यांना विकले गेले. धूर आणि वास करणारे उद्योग आणि कामगारांची वस्ती बाहेरच्या बाजूला, 'योर्डान' भागात ढकलली गेली. तिथल्या गल्ल्या जुन्या शेतचरांच्या रेषेवरच पडल्या, म्हणून आजही त्या तिरक्या दिसतात. एकेकाळच्या या गरीब वस्तीत आता घर घेणं भल्याभल्यांना परवडत नाही.

आज शहरात लहानमोठे १६५ कालवे आहेत. सगळ्यांची लांबी धरली तर १०० किलोमीटरच्या आसपास जाते. सतराव्या शतकातला हा कालव्यांचा पट्टा २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

बोटीतून घरं अशी वाकडी का दिसतात?

बोट निघाली की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी हमखास विचारतं, 'ही घरं पडतायत का?' कारण बरीच घरं पुढे झुकलेली असतात, काही शेजारच्या घरावर रेललेली असतात.

पुढे झुकणं हे बहुतेक वेळा मुद्दाम केलेलं असतं. कालव्याकाठची जागा महाग, प्रत्येकाला आपलं दार पाण्यावर हवं. त्यामुळे प्लॉट अरुंद आणि आत लांबलचक पडले. रुंदीवर कर होता म्हणून घरं अरुंद, अशी गोष्टही गाईड रंगवून सांगतात. कारण काहीही धरलं तरी परिणाम एकच झाला. आतले जिने इतके उभे आणि चिंचोळे झाले की त्यावरून कपाट नेणं अशक्य.

मग उपाय काय? घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढायची, तिला हूक लावायचा आणि दोरखंड-कप्पीने माल बाहेरूनच वर ओढायचा. दर्शनी भिंत जरा पुढे झुकवली की वर जाणारं पोतं खिडक्यांवर आपटत नाही. व्यापाऱ्यांच्या घरात माळा म्हणजेच गोदाम असायचं. खाली ओल, म्हणून मिरी, मसाले, कापड सगळं वर. बोटीतून मान वर केली की जवळजवळ प्रत्येक घराला हा हूक दिसतो. घर बदलताना सोफा आणि फ्रीज आजही याच मार्गाने वर चढवले जातात.

बाजूला रेललेल्या घरांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती खरोखरच खचलेली असतात.

कारण ही सगळी जमीन चिखल आणि पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ थरांची. त्यावर विटांचं घर उभं राहणार कसं? म्हणून लाकडाचे लांब खांब जमिनीत ठोकायचे, ते साधारण बारा मीटर खोल असलेल्या वाळूच्या घट्ट थरापर्यंत न्यायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर बांधायचं. डॅम चौकातला राजवाडा सतराव्या शतकात नगर सभागृह म्हणून बांधला गेला. त्याच्याखाली १३,६५९ लाकडी खांब आहेत, असं तिथल्या शाळेतली पोरंही सांगतात.

लाकूड कुजत कसं नाही? तर ते कायम पाण्याखाली असतं. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड खाणारी बुरशी वाढत नाही. गडबड होते ती भूजल खाली गेल्यावर. खांबाचं डोकं उघडं पडलं, हवा लागली की कुजायला सुरुवात. म्हणजे या शहरात पाणी वाढणं जितकं धोक्याचं, तितकंच पाणी कमी होणंही.

फेरीत काय काय दिसतं?

बहुतेक बोटी मध्यवर्ती रेल्वे स्टेशनसमोरून, राइक्स म्युझियमजवळून किंवा ॲन फ्रँक हाऊसच्या परिसरातून सुटतात. मार्ग थोडेफार बदलतात, पण काही ठिकाणं जवळजवळ सगळ्या फेऱ्यांमध्ये असतात.

सिंगेल कालव्यावर ७ नंबरचं घर आहे. दाराएवढीच रुंदी. 'जगातलं सगळ्यात अरुंद घर' म्हणून लोक त्याचे फोटो काढतात. खरं तर ती घराची मागची बाजू आहे, आत घर रुंद होत जातं.

हेरनग्राख्तवर 'सोनेरी वळण' नावाचा भाग येतो. इथल्या श्रीमंतांनी एकाऐवजी दोन प्लॉट घेऊन दुप्पट रुंदीचे वाडे बांधले.

रेगुलियर्सग्राख्तच्या तोंडाशी बोट थांबली की एकामागे एक सात पुलांच्या कमानी एका रेषेत दिसतात. रात्री त्या कमानींवर दिवे लागतात आणि बोटीतले सगळे मोबाईल एकदम वर जातात.

ॲमस्टेल नदीवर पांढरा लाकडी 'माखेरे ब्रुख', म्हणजे 'सडपातळ पूल' आहे. आताचा पूल १९३४ मध्ये पुन्हा बांधलेला. जेम्स बाँडच्या १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर'मध्ये तो दिसतो.

काठाला लागून हाऊसबोटी असतात, शहरभर मिळून अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा लोकांनी जुन्या मालवाहू बोटी विकत घेऊन त्यात संसार थाटले. तेव्हा ती गरज होती. आता अशी बोट घ्यायची तर फ्लॅटएवढे पैसे मोजावे लागतात.

आणि मग प्रिन्सनग्राख्तवर वेस्टरकेर्क चर्चचा ८५ मीटर उंच मनोरा दिसतो. १६६९ मध्ये चित्रकार रेम्ब्राँला याच चर्चमध्ये पुरलं. त्या काळात तो कफल्लक होता.

प्रिन्सनग्राख्त २६३

मनोऱ्याजवळच २६३ क्रमांकाची इमारत आहे. तिच्यासमोर बोटीतला आवाज बहुतेक वेळा आपोआप कमी होतो.

ही ॲन फ्रँकच्या वडिलांच्या कंपनीची जागा. कालव्याकाठची घरं आत लांब असल्याने बऱ्याच घरांना मागे एक वेगळा जोडभाग असायचा. रस्त्यावरून तो दिसत नाही. याच मागच्या भागात जुलै १९४२ पासून ॲनचं कुटुंब आणि इतर मिळून आठ माणसं लपून राहिली. ४ ऑगस्ट १९४४ ला नाझींनी त्यांना पकडलं. आठांपैकी फक्त ॲनचे वडील जिवंत परत आले.

अरुंद आणि लांब प्लॉट पाडण्याचा सतराव्या शतकातला निर्णय असा तीनशे वर्षांनी आठ माणसांना दोन वर्षं लपवून ठेवायला कारणी लागला. नेदरलँड्समधल्या दर चार ज्यूंपैकी साधारण तिघे त्या युद्धात मारले गेले.

ॲनची डायरी मराठीतही उपलब्ध आहे. घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि ते काही आठवडे आधी काढावं लागतं. ऐनवेळी गेलेल्यांना बाहेरूनच बघून परत यावं लागतं.

हा पैसा आला कुठून? इथे वेंगुर्लं येतं

कालव्याकाठचे वाडे बघताना हा प्रश्न पडायलाच हवा.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिची जहाजं मसाल्याच्या शोधात आशियात पोचली. इंडोनेशियाची लवंग-जायफळ, मलबारची मिरी, सुरतेची नीळ आणि कापड. भारतातून गेलेलं रंगीत नक्षीचं सुती कापड तिकडे इतकं चाललं की डच भाषेत त्याला 'सिट्स' म्हणतात. आपल्या 'छीट' शब्दाचाच तो भाऊ.

या कंपनीची एक वखार कोकणात, वेंगुर्ल्याला होती. सतराव्या शतकात सुरू झालेल्या या वखारीचे अवशेष आजही तिथे उभे आहेत. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायची, कोकणातला व्यापार सांभाळायचा आणि बातम्या गोळा करून वरिष्ठांना पाठवायच्या, हे तिथल्या डचांचं काम. त्या पत्रव्यवहारात शिवकाळातल्या घडामोडींच्या नोंदी आहेत. शिवचरित्राचे अभ्यासक जी डच साधनं वापरतात, त्यात या पत्रांचा समावेश होतो.

म्हणजे हेरनग्राख्तवरच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या माळ्यावर चढलेल्या गाठोड्यांचा माग काढत गेलं, तर एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

दुसरा धागा जास्त काळा आहे. डचांची वेस्ट इंडिया कंपनी आफ्रिकेतून माणसं पकडून अमेरिका खंडात गुलाम म्हणून विकत होती. हेरनग्राख्त ५०२ हे आज ॲमस्टरडॅमच्या महापौरांचं अधिकृत निवासस्थान आहे. ते सतराव्या शतकात बांधून घेतलं पाउलस खोडिन यांनी. ते या कंपनीचे एक संचालक होते आणि गुलामांच्या व्यापारात होते. २००६ पासून घरासमोर तसं सांगणारी पाटी आहे. १ जुलै २०२१ ला महापौर फेमके हाल्सेमा यांनी गुलामगिरीतल्या शहराच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली. १८६३ मध्ये डच वसाहतींतली गुलामगिरी संपली तो दिवसही १ जुलैच.

कालवे बुजवून रस्ते करायचे ठरलं होतं

आज जगभरातून लोक जे बघायला येतात, ते शहराने स्वतःच अर्धवट पुसून टाकलं असतं.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, माल गाडीने जायला लागला. कालव्यांचं काम कमी झालं आणि वास मात्र वाढला, कारण घरांचं सांडपाणी थेट पाण्यात. मग एकेक कालवा बुजवायला सुरुवात झाली. नीउवेझाइट्स फोरबुर्खवाल, रोझेनग्राख्त हे आज ट्रामचे रस्ते आहेत. रोझेनग्राख्तच्या नावात अजून 'ग्राख्त' आहे, पाणी १८८९ मध्येच गेलं.

१९५४ मध्ये तर पोलीस प्रमुख कासयागर यांनी मोटारींसाठी आणखी कालवे बुजवण्याची योजना मांडली. ट्रॅफिक तुंबतोय, पार्किंगला जागा नाही, मग कालवे भरा आणि रुंद रस्ते करा. आपल्याकडच्या कुठल्याही शहरात आज ऐकू येईल असाच युक्तिवाद. पण लोकांनी आणि वारसाप्रेमींनी जोरदार विरोध केला आणि योजना बारगळली.

पाणीही हळूहळू सुधारलं. १९८० च्या दशकात कालव्याकाठची घरं सांडपाण्याच्या वाहिन्यांना जोडून झाली, पुढे हाऊसबोटींची पाळी आली. लॉकगेट बंद करून कालव्यांत बाहेरचं ताजं पाणी सोडायची व्यवस्थाही आहे. २०१२ मध्ये तेव्हाच्या राजकुमारी मॅक्सिमा एका धर्मादाय शर्यतीत या कालव्यांतून पोहल्या. शंभर वर्षांपूर्वी कुणी ही कल्पनाही केली नसती.

सायकलींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दरवर्षी १२ ते १५ हजार सायकली कालव्यांतून बाहेर काढल्या जातात. त्यासाठी पंजा बसवलेली खास बोट फिरते. कालवे तीन मीटर खोल, त्यात एक मीटर पाणी, एक मीटर गाळ आणि एक मीटर सायकली, असा तिथला जुना विनोद आहे.

मग आता भिंती का कोसळतायत?

१ सप्टेंबर २०२०. शहराच्या जुन्या भागात, विद्यापीठाजवळच्या ग्रिमबुर्खवाल कालव्याच्या काठाचा मोठा तुकडा फुटपाथसकट पाण्यात गेला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण सगळ्या शहराला कळलं की हे उद्या कुठेही होऊ शकतं.

कालव्याची काठभिंतही घरांसारखीच लाकडी खांबांवर उभी असते. वर विटांचं बांधकाम, खाली लाकूड, त्याखाली चिखल. बांधली तेव्हा तिच्यावरून हातगाड्या आणि घोडागाड्या जायच्या. आता कचऱ्याचे ट्रक, सिमेंट मिक्सर आणि पार्क केलेल्या मोटारींच्या रांगा. त्यात कित्येक दशकं देखभालीकडे काणाडोळा झाला, कारण पाण्याखालचं कुणाला दिसत नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते बोटीत बसलेल्यांना अवघडून टाकणारं आहे. बोट वळताना किंवा थांबताना तिचा पंखा पाणी जोरात ढकलतो. अरुंद कालव्यात या झोताने तळाची माती सरकते, तळ खोल होत जातो आणि भिंतीखालच्या खांबांचा आधार सुटत जातो. ग्रिमबुर्खवालची भिंत का पडली याचा अभ्यास झाला, तेव्हा खोल गेलेला तळ हा महत्त्वाचा मुद्दा म्हणून पुढे आला.

म्हणजे कालवे बघायला येणाऱ्यांच्या बोटीच कालव्यांना थोडंथोडं पोखरत होत्या.

शहराने आता सुमारे २०० किलोमीटर काठभिंती आणि ८५० च्या आसपास पूल तपासून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम हाती घेतलाय. हे काम काही वर्षांचं नाही, काही दशकांचं आहे. एक भिंत नव्याने बांधायची तर काठावरची झाडं, हाऊसबोटी, गॅसच्या आणि पाण्याच्या लाइनी, शेजारच्या जुन्या घरांचा पाया, सगळं सांभाळावं लागतं. म्हणून जिथे धोका जास्त तिथे आधी लोखंडी पत्रे ठोकून, वाळू भरून भिंतीला तात्पुरता टेकू दिला जातो. काठावरची पार्किंग कमी केली जाते. जड वाहनांना जुन्या शहरात विनापरवानगी येता येत नाही.

बोटफेरीत कुठे कुठे पाण्यातून वर आलेले लोखंडी पत्रे दिसतात. फोटोत ते नको म्हणून लोक मोबाईल दुसरीकडे फिरवतात. पण कमानी आणि वाडे ज्याच्यावर टिकून आहेत, तो हाच टेकू.

बोटींवर काय नियम आलेत?

गर्दी हा दुसरा प्रश्न. उन्हाळ्यात दुपारी कालव्यांवर अक्षरशः ट्रॅफिक जाम होतो. पर्यटक बोटी, खासगी बोटी, भाड्याने घेतलेल्या छोट्या होड्या आणि दारू पिऊन आरडाओरडा करणारे ग्रुप. काठावर राहणाऱ्यांना खिडकी उघडायची सोय नाही.

म्हणून व्यावसायिक बोटींना परवाना लागतो आणि परवान्यांची संख्या ठरलेली आहे. कालव्यांत वेगमर्यादा ताशी ६ किलोमीटर आहे, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाएवढी. २०२५ पासून शहराच्या मध्यभागात धूर सोडणाऱ्या बोटींवर बंदीचे नियम लागू झालेत, त्यामुळे बहुतेक फेऱ्या आता बॅटरीवर चालतात. डिझेलचा वास आणि घरघर गेल्याने बोटीतल्यांनाही फायदाच झाला. हॉटेलच्या बिलावरचा पर्यटक करही २०२४ मध्ये वाढवून १२.५ टक्के केला गेला.

जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा

साध्या तासाभराच्या फेरीला साधारण १५ ते २५ युरो लागतात. वेळ आणि बोटीप्रमाणे दर बदलतो. जेवणाची किंवा खास संध्याकाळची फेरी अर्थातच महाग.

काचेच्या छताची मोठी बोट पावसात आणि थंडीत बरी. आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर हीच घ्यावी. ऑडिओ गाईड बऱ्याच भाषांत असतो. तोटा एकच, काचेत प्रतिबिंब येतं आणि फोटो बिघडतात. त्यामुळे मागच्या उघड्या भागाजवळची जागा मिळाली तर बघावी.

उघडी छोटी बोट घेतली तर चालवणाराच गाईड असतो, प्रश्न विचारता येतात. पण छत्री आणि जॅकेट हवंच, कारण तिथला पाऊस विचारून येत नाही.

स्वतः चालवायची छोटी इलेक्ट्रिक बोटही भाड्याने मिळते. लहान आणि हळू जाणाऱ्या बोटीला परवाना लागत नाही. मात्र आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून गेलात तर समोरून येणारी मोठी बोट भोंगा वाजवेल. तिथे पाण्यावरही उजवीकडूनच जायचं.

वेळ निवडायची तर सकाळची पहिली फेरी शांत असते, सूर्यास्ताची सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात गर्दीची. हिवाळ्यात लाइट फेस्टिव्हल असतो, तेव्हा पाण्यावर प्रकाशाच्या कलाकृती मांडतात. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी सगळं शहर नारिंगी कपड्यांत कालव्यांवर उतरतं. त्या दिवशी मजा बघायची असेल तर काठावर उभं राहावं, निवांत फेरीची अपेक्षा ठेवू नये.

आणि एक साधी गोष्ट. हाऊसबोटींच्या खिडक्यांतून आत झूम करून शूटिंग करू नये. ती लोकांची घरं आहेत. आत कुणीतरी जेवत असतं.

थोडक्यात काय?

चिखलात लाकूड ठोकून उभं केलेलं हे शहर व्यापाराच्या आणि गुलामीच्या पैशावर श्रीमंत झालं. त्याचे कालवे मोटारींसाठी बुजवायचे बेत झाले, ते लोकांनी हाणून पाडले. आता पर्यटकांचं प्रेम आणि ट्रकचं वजन, दोन्हीखाली त्याच्या भिंती खचतायत आणि शहर एकेक मीटर करत त्या पुन्हा बांधतंय.

पुढच्या वेळी ओळखीतल्या कुणाचं तरी सात पुलांचं रील टाइमलाइनवर आलं, तर कमानींच्या खालीही बघा. पाण्याच्या रेषेवर एखादा गंजलेला लोखंडी पत्रा दिसेल. वरचं सगळं सध्या त्याच्या भरवशावर उभं आहे.